जॅरोच्या मठातला मास्तर

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलहून साउथ शील्ड्सकडे जाणाऱ्या मेट्रोने जॅरो सोडलं की पुढचं स्टेशन लागतं 'बीड'. उच्चार आपल्या बीड जिल्ह्यासारखाच. बाहेर पडलं की समोर कारखान्यांच्या शेड, गोदामं, ट्रकची ये-जा. माझ्याबरोबर उतरलेली माणसं कामाच्या पाळीवर निघालेली होती. तेराशे वर्षांपूर्वी याच भागातल्या मठात एक माणूस सात वर्षांचा असताना आला, साठी ओलांडेपर्यंत इथेच राहिला, शिकला, शिकवत राहिला आणि लिहीत राहिला. स्टेशनला त्याचंच नाव आहे.

मी शाळेत इतिहास शिकवते. लेक न्यूकॅसलला शिकायला आहे म्हणून इकडे येणं झालं, आणि आल्यावर पहिली जागा बघायची ठरवली ती ही. लेक म्हणाली, "आई, इथली मुलंसुद्धा जॅरोला मुद्दाम जात नाहीत गं." खरं आहे ते. जॅरोचं नाव निघालं की इथल्या लोकांना १९३६चा मोर्चा आठवतो. जहाजबांधणीचा कारखाना बंद पडला, गावातल्या बहुतेक पुरुषांचं काम गेलं आणि सुमारे दोनशे जण चालत लंडनला गेले. गावाला त्या मोर्चाचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण मला जायचं होतं ते त्याच्याही बाराशे वर्षं मागे.

सेंट पॉल चर्च नदीकाठी, एका हिरव्या उतारावर आहे. डॉन नावाची लहानशी नदी शेजारून वाहते आणि थोडं पुढे टाइनला मिळते. चर्चचा पुढचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकातला. मधला मनोरा अकराव्या शतकातला. मनोऱ्याखालून पलीकडे गेलं की एक अरुंद, उंच, दगडी खोली लागते. ती सातव्या शतकातली. म्हणजे इथून तिथवर चालताना आपण पायऱ्या न उतरताच काळात खाली खाली जातो.

कमानीच्या वर दोन दगडी पाट्या बसवल्या आहेत. लॅटिन अक्षरं ठसठशीत आहेत, वाचता येतात. मजकूर साधा आहे: सेंट पॉलच्या चर्चचं अर्पण, मे महिन्याच्या कॅलेंडपासून, म्हणजे पहिल्या तारखेपासून, ती धरून मागे नववा दिवस, राजा एकफ्रिथचं पंधरावं वर्ष, मठाधिपती केऑलफ्रिथचं चौथं वर्ष. आपल्या गणतीने २३ एप्रिल ६८५. इंग्लंडमध्ये चर्चच्या अर्पणाचा इतका जुना मूळ शिलालेख दुसरा नाही. त्या दिवशी बीड अकरा-बारा वर्षांचा असेल. ही पाटी त्याने रोज पाहिली असणार, हे मनात आलं आणि मी बराच वेळ मान वर करून तिथेच थांबले.

त्याचा जन्म ६७३च्या सुमाराचा, मठाच्याच जमिनीवरचा. सातव्या वर्षी नातेवाइकांनी त्याला मठाचा संस्थापक बेनेडिक्ट बिस्कप याच्या हवाली केलं. बिस्कप हा मूळचा राजाच्या पदरचा सरदार. सगळं सोडून तो संन्यासी झाला आणि पुन्हा पुन्हा रोमला जाऊन आला. दर खेपेला येताना पुस्तकं, चित्रं आणि माणसं घेऊन यायचा. गायन शिकवायला त्याने थेट रोममधल्या सेंट पीटरचा मुख्य गायक आणला. इंग्लंडमध्ये खिडक्यांना काच बसवणारं कोणी नव्हतं, म्हणून गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, काचकारागीर आणले. त्या काळच्या काचेचे तुकडे इथल्या उत्खननात सापडले. रोझमेरी क्रॅम्प या पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९६०च्या दशकापासून वर्षानुवर्षं इथे काम केलं. सापडलेले काही रंगीत तुकडे जोडून दक्षिणेच्या भिंतीतल्या एका चिमुकल्या खिडकीत परत बसवले आहेत. खिडकी केवढी, तर हाताच्या दोन पंज्यांएवढी. ढग सरकला आणि तिच्यातून पिवळट, निळसर उजेड आत आला. बीडच्या वहीवर याच काचांचा उजेड पडला होता असं म्हणण्याइतका पुरावा नाही, पण याच मठाच्या काचा आहेत हे नक्की.

खिडकी दाखवणारे आजोबा चर्चचे स्वयंसेवक होते. मी त्यांना ६८६च्या साथीबद्दल विचारलं. त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "ते विचारणारे फार थोडे येतात."

त्या वर्षी जॅरोत प्लेग आला. प्रार्थना म्हणू शकणारे, वाचू शकणारे सगळे भिक्षू गेले. उरले मठाधिपती केऑलफ्रिथ आणि त्यांनीच वाढवलेला, शिकवलेला एक लहान मुलगा. दिवसातून इतक्या वेळा दोन बाजूंनी आळीपाळीने गायच्या स्तोत्रांना माणसंच नाहीत. केऑलफ्रिथनी ठरवलं, पहाट आणि संध्याकाळ सोडून मधली ध्रुवपदं गाळायची. आठवडाभर तसं चाललं. मग त्यांना ते सोसेना. रडत रडत, पण पूर्ण, असं त्या दोघांनी पुन्हा सगळं म्हणायला सुरुवात केली आणि नवी माणसं तयार होईपर्यंत चालू ठेवलं. केऑलफ्रिथच्या जुन्या चरित्रात ही हकिकत आहे. मुलाचं नाव दिलेलं नाही, पण तो बीडच असावा असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटतं. ते चरित्र लिहिलं गेलं तेव्हा हा मुलगा त्याच मठात पुरोहित होता आणि केऑलफ्रिथची थोर कृत्यं बोलून आणि लिहून लोकांना सांगत होता, असं लेखकाने म्हटलंय. हे वर्णन दुसऱ्या कोणाला इतकं बसत नाही.

बीडने स्वतःबद्दल फार थोडं लिहिलंय. १९व्या वर्षी डीकन, म्हणजे पुरोहिताच्या खालची पायरी, झाला, ३०व्या वर्षी पुरोहित. बाकी सगळं एका वाक्यात आहे: शिकणं, शिकवणं किंवा लिहिणं यातच मला नेहमी आनंद वाटला. वर्गात उभं राहणाऱ्या कोणालाही हे वाक्य लागेल. त्यात 'शिकणं' पहिलं आहे.

या खोलीत एक लाकडी खुर्चीही आहे, बीडची खुर्ची म्हणून दाखवतात. अभ्यासक तिला नंतरच्या काळातली मानतात. पण लोकांची श्रद्धा इतकी की तिच्या कडा कापून कापून गोल झाल्यात. मुली तिची ढलपी उशाखाली ठेवायच्या, नवरा स्वप्नात दिसावा म्हणून. बाळंतिणीला तिचा तुकडा बुडवलेलं पाणी द्यायचे. ज्या माणसाने आयुष्यभर ऐकीव आणि खात्रीचं यात फरक केला, त्याच्या नावाच्या खुर्चीचं हे झालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. गावाने त्याला आपल्या परीने जवळ ठेवलं.

त्या फरकाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मला बीड आवडतो तो त्यासाठीच. त्याने इंग्लंडच्या चर्चचा इतिहास लिहिला, ७३१ मध्ये पुरा केला. तो स्वतः फारसा हललेला नाही. लिंडिसफार्न बेटावर गेला, शेवटच्या काळात यॉर्कला गेला, एवढंच निश्चित माहीत आहे. मग दक्षिणेकडच्या केंटची हकिकत त्याला कशी कळली? कॅन्टरबरीचा मठाधिपती अल्बिनस आणि लंडनचा पुरोहित नॉथेल्म यांच्याकडून. नॉथेल्म रोमला गेला आणि तिथल्या दफ्तरातून पोप ग्रेगरीची पत्रं उतरवून घेऊन आला. बीडने ती जशीच्या तशी इतिहासात घातली. ग्रंथाच्या सुरुवातीलाच कोणत्या प्रांताची माहिती कोणाकडून मिळाली हे तो नावानिशी सांगतो. बायबलवरच्या टीकेत, म्हणजे भाष्यात, तर तो समासात जुन्या धर्मपंडितांच्या नावाच्या खुणा करायचा: हे ऑगस्टिनचं, हे अँब्रोजचं, हे जेरोमचं, हे ग्रेगरीचं. दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून खपवल्याचा आरोप येऊ नये म्हणून. नक्कल करणाऱ्यांना विनंतीही केली की या खुणा उतरवायला विसरू नका. बहुतेकांनी त्या गाळल्याच. माझ्या वर्गात प्रकल्पाच्या वह्या तपासताना मी हेच सांगत असते, त्यामुळे ही हकिकत मी मुलांना दरवर्षी सांगते.

आपण सगळे रोज वापरतो अशी त्याची एक गोष्ट आहे. ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजायची कल्पना ५२५ साली रोममधल्या डायोनिसिअस एक्सिगुअस या भिक्षूची. पण ती पद्धत सबंध इतिहासात वापरून दाखवली आणि पश्चिम युरोपभर रुळवली ती बीडच्या ग्रंथांनी. त्याआधी अमक्या राजाचं अमुक वर्ष असंच चालायचं, कमानीवरच्या पाटीसारखं.

चर्चमधून बाहेर पडलो तेव्हा ओहोटी लागली होती. डॉनचं पात्र चिखलाने चकाकत होतं आणि चिखलात पक्षी चोची खुपसत होते. पूर्वी इथे टाइनच्या काठाला प्रचंड मोठी खाजण होती, जॅरो स्लेक म्हणतात तिला. बराचसा भाग आता भराव घालून बुजवलाय आणि बंदराच्या त्या आवारात निर्यातीच्या नव्याकोऱ्या गाड्या ओळीने उभ्या असतात. बीडच्या वेळी मठाच्या दारातून दिवसातून दोनदा पाणी चढताना आणि उतरताना दिसत असणार. ७२५ साली त्याने कालगणनेवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात भरती-ओहोटीवर एक प्रकरण आहे. चंद्र दररोज एक तासाचे चार पंचमांश, म्हणजे ४८ मिनिटं, उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते, असं तो सांगतो. पुढे म्हणतो, आम्ही या समुद्राच्या काठी वेगवेगळ्या ठिकाणी राहणारे लोक जाणतो की एकीकडे पाणी चढायला लागतं तेव्हा दुसरीकडे उतरायला लागतं. प्रत्येक किनाऱ्याचं चंद्राशी स्वतःचं ठरलेलं गणित असतं. हे पुस्तकातून आलेलं नाही. वेगवेगळ्या बंदरांवरच्या माणसांना विचारून आलंय.

माझं माहेर हर्णैच्या बाजूचं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, बीडचे ४८. लेकीला मी तिथेच काठावर उभं राहून हा हिशेब सांगितला. तिने मोबाइलवर टाइनच्या मुखाचं वेळापत्रक काढलं आणि आजची, उद्याची, परवाची भरती ताडून पाहिली. रोज थोडी मागे सरकत होती, कधी पाऊण तासाहून जास्त, कधी कमी, पण सरासरी तीच. तिथली वेळ मात्र आपल्या पाऊणपटीने निघत नाही. का नाही, याचं उत्तर बीडने देऊन ठेवलंय.

त्याच ग्रंथात पृथ्वी चेंडूसारखी गोल आहे, ढालीसारखी चपटी-वाटोळी नव्हे, हेही स्पष्ट लिहिलंय. आणि पहिल्याच प्रकरणात बोटांवर दहा लाखांपर्यंत मोजायची रीत दिली आहे. मुलांना शिकवणारा माणूस आहे, हे पानापानावर जाणवतं. यापूर्वी याच विषयावर त्याने ७०३ साली एक छोटी पुस्तिका लिहिली होती. तीत जगाचं वय त्याने रूढ आकड्यापेक्षा बरंच कमी काढलं. बिशप विल्फ्रिडच्या पंक्तीला बसलेल्या कोणी दारूच्या भरात त्याला पाखंडी म्हटलं. बीडने ७०८ मध्ये लिहिलेलं संतापाचं पत्र आजही वाचायला मिळतं. त्या पत्रात तो हिशेब पुन्हा मांडतो. माघार घेत नाही.

मठाच्या दुसऱ्या शाखेलाही आम्ही गेलो, संडरलंडला, मंकवेअरमथच्या सेंट पीटरला. हा मूळ मठ, ६७४चा. 'दोन जागी वसलेला एकच मठ' असं त्यांचं म्हणणं होतं. तिथली पश्चिमेची भिंत आणि तिच्या पुढचं दार तेवढं त्या काळचं आहे. दाराच्या दोन्ही अंगांना दगडात एकमेकांत गुंतलेले दोन लांबट प्राणी कोरलेत, झिजलेले, पण बोट फिरवलं तर वळणं लागतात. याच दारातून ४ जून ७१६ला केऑलफ्रिथ बाहेर पडले. वय ७४. त्यांनी संपूर्ण बायबलच्या तीन प्रचंड प्रती करवून घेतल्या होत्या, दोन मठांसाठी दोन आणि एक पोपसाठी. तिसरी घेऊन ते रोमला निघाले. दोन्ही मठांत मिळून तेव्हा सहाशेहून जास्त भिक्षू होते. केऑलफ्रिथ वाटेतच, फ्रान्समधल्या लांग्र इथे, सप्टेंबरमध्ये गेले. पुस्तक मात्र पोचलं. पुढे कोणीतरी अर्पणपत्रिकेतलं त्यांचं नाव खोडून दुसरं घातलं आणि कित्येक शतकं तो ग्रंथ इटलीतलाच समजला गेला. एकोणिसाव्या शतकात खरं उघड झालं. आज तो फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे, वजन ३४ किलोच्या आसपास, शेकडो वासरांच्या कातड्यावर लिहिलेला.

ज्याच्या हाताखाली लहानाचा मोठा झाला त्या माणसाच्या जाण्याने बीड इतका हलला की चालू असलेली टीका त्याला मधेच थांबवावी लागली. पुढच्या भागाच्या सुरुवातीला त्याने ते लिहूनही ठेवलं. एरवी स्वतःबद्दल चकार शब्द न काढणारा माणूस.

आणि आता त्याचे शेवटचे दिवस. हे आपल्याला माहीत आहेत ते कथबर्ट या त्याच्या शिष्याच्या पत्रामुळे. ७३५च्या ईस्टरच्या आधीपासून त्याला धाप लागायला लागली, पुढे पाय सुजले. तरी रोजचे धडे चालूच. दोन कामं हाताशी होती: योहानच्या शुभवर्तमानाचं इंग्रजीत भाषांतर, आणि स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिडोर याच्या पुस्तकातले काही उतारे. मुलं थांबा म्हणत असतील. तो म्हणाला, "माझ्या मुलांनी खोटं वाचू नये आणि मी गेल्यावर त्यात फुकट मेहनत करू नये." एवढंच कारण. शेवटच्या दिवशी दुपारी त्याने आपल्या छोट्या पेटीतल्या वस्तू वाटायला काढल्या. काळी मिरी, काही वस्त्रं आणि धूप.

मिरी! ७३५ साली मिरी मुख्यतः मलबारातून यायची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून तांबड्या समुद्रातून किंवा इराणच्या आखातातून, मग भूमध्य समुद्र, गॉल, इंग्लिश खाडी, आणि टाइनच्या काठी एका भिक्षूच्या पेटीत. कोणीतरी भेट दिलेली असणार, त्याने जपून ठेवलेली. त्याला जग दिसलं ते असं, आलेल्या माणसांतून, पुस्तकांतून, चिमूटभर मिऱ्यांतून.

संध्याकाळी विल्बर्ट नावाचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, एक वाक्य लिहायचं राहिलंय." बीड म्हणाला, "लिही." थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, "झालं." "खरं बोललास. झालं." मग त्याने, मी जिथे प्रार्थना करायचो तिकडे तोंड करून मला बसव, डोकं हातात धर, असं सांगितलं. तसाच खोलीच्या जमिनीवर बसून, स्तवन म्हणत म्हणत तो गेला.

मुलांनी इंग्रजीत वाचावं ही त्याची ओढ जुनी होती. गेला त्याच्या आदल्या वर्षी यॉर्कचा बिशप आणि आपला जुना शिष्य एकबर्ट याला त्याने लांबलचक पत्र लिहिलं. डोंगरातल्या वाड्यांना वर्षानुवर्षं बिशप दिसत नाही, पण त्याचा कर कोणालाही सुटत नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. ज्या पुरोहितांना लॅटिन येत नाही त्यांना मी श्रद्धेचे मूळ पाठ इंग्रजीत करून दिलेत, तूही तसंच कर, असंही. एकबर्टच्या यॉर्कमधल्या शाळेतून पुढे अल्क्विन निघाला, जो सम्राट शार्लमेनच्या दरबारात जाऊन युरोपभरच्या शाळांना वळण देणार होता.

बीडनंतर मठ फार काळ टिकला नाही. ७६४ मध्ये तोच कथबर्ट, आता मठाधिपती झालेला, जर्मनीतल्या एका बिशपला कळवतो की यंदाच्या थंडीने आणि वाऱ्यापावसाने लिहिणाऱ्यांचे हात चालेनात, म्हणून बीडच्या सगळ्या पुस्तकांच्या प्रती पाठवता आल्या नाहीत. त्याच पत्रात तो विचारतो, तुमच्याकडे काचेची भांडी करणारा कोणी असेल तर पाठवा, आमच्याकडे ती विद्या उरली नाही. बिस्कपने समुद्रापलीकडून आणलेली कला दोन-तीन पिढ्यांत विसरली गेली होती. मग उत्तरेचे समुद्री लुटारू, व्हायकिंग, आले. १०७०च्या दशकात ऑल्डविन नावाचा भिक्षू बीडचा इतिहास वाचून पेटला आणि दोन सोबती घेऊन, गाढवावर पुस्तकं आणि वस्त्रं लादून, दक्षिणेकडून चालत जॅरोला आला. पडक्या भिंतींवर छप्पर घालून त्याने मठ पुन्हा सुरू केला. चर्चच्या बाजूला आज जे अवशेष दिसतात, त्यातला बराच भाग त्याच्या वेळचा.

त्याला बीडची हाडं मात्र जॅरोत मिळाली नसती. त्याच्या पन्नासेक वर्षं आधी डरहॅमचा आल्फ्रेड वेस्टू नावाचा पुरोहित दरवर्षी बीडच्या पुण्यतिथीला जॅरोला यायचा. एका वर्षी तो भल्या पहाटे कोणाला न सांगता निघून गेला आणि पुन्हा कधी आलाच नाही. बीडची हाडं कुठे, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "माझ्याहून जास्त कोणाला माहीत?" जॅरोचे आजोबा हे सांगताना अजून रागावलेले होते. मला त्यांचा राग पटला.

डरहॅम न्यूकॅसलहून रेल्वेने पंधरा मिनिटांवर. वेअर नदीच्या वळणात डोंगरावर कॅथेड्रल उभं आहे, १०९३ला सुरू केलेलं. पश्चिम टोकाच्या गॅलिली चॅपेलमध्ये बीडची समाधी आहे, साधी काळसर शिळा. एक ओळ लॅटिनमध्ये: या खड्ड्यात पूजनीय बीडची हाडं आहेत. सोळाव्या शतकात धर्मक्रांतीच्या वेळी त्याचं मूळ सजवलेलं स्थान मोडलं गेलं, शिळेवरची अक्षरं १८३१ची. मागच्या भिंतीवर बायबलमधल्या 'प्रकटीकरण' या पुस्तकावरच्या त्याच्या टीकेतलं पहाटेच्या ताऱ्याबद्दलचं वाक्य लावलंय. चॅपेल सुंदर आहे, बारीक संगमरवरी खांब, दातेरी कमानी. शाळेची सहल आली होती. बाई मुलांना सांगत होत्या की आपल्या वर्षांचे आकडे या माणसामुळे असे आहेत. एका मुलाने विचारलं, "म्हणजे त्याच्या आधी वर्षं नव्हती?" बाईंनी खाली बसून उत्तर द्यायला सुरुवात केली.

जाणार असाल तर आधी जॅरो करा, मग डरहॅम. डरहॅम इतकं भव्य आहे की त्यानंतर जॅरोची ती छोटी खोली नजरेत भरणार नाही. सेंट पॉल हे वापरातलं चर्च आहे, तेव्हा उघडण्याच्या वेळा आधी बघून ठेवा, आणि आत कोणी स्वयंसेवक असेल तर प्रश्न विचारा, ते आनंदाने सांगतात. टाइनच्या भरतीचं वेळापत्रकही पाहून जा. ओहोटीच्या सुमाराला पोचून भरतीपर्यंत थांबता आलं तर उत्तम. मंकवेअरमथला मेट्रोने सेंट पीटर स्टेशनवर उतरायचं. हातात वेळ थोडा असला तरी पश्चिमेच्या दारातले ते दोन प्राणी चुकवू नका. कोरीवकाम झिजलंय, सकाळच्या सावलीत दिसत नाही. दुपारनंतर जा.